या आठवड्यात टीप नाही

आल्गोत ब्रेनलुंडला आमच्या गावात सगळे 'गारठा' म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं. नऊ वर्षं तो दर शुक्रवारी आमच्या पेपरात 'आकड्यांचा कोपरा' लिहीत होता. शनिवारी टालफोर्सचा, म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा, सामना कोणाशी, दोन्ही संघांचे मागचे पाच सामने कसे गेले, घरच्या मैदानावर किती गोल, परक्या मैदानावर किती, पैजेच्या कंपन्यांनी काय भाव लावलाय हे सगळं, आणि शेवटी एका ओळीत टीप. घरचा संघ जिंकणार असेल तर एक, पाहुणा जिंकणार असेल तर दोन, बरोबरी होणार असेल तर फुली. त्या वर्षी झालेल्या एकोणतीस सामन्यांपैकी अठरा वेळा त्याने आमच्या विरुद्ध टीप दिली होती. त्यातल्या तेरा बरोबर आल्या.

गावाला हे कसं आवडणार? बेकरीतली माय-लिस त्याला मुद्दाम शिळा दालचिनी बन द्यायची. "टालफोर्सला तू उद्याचा दिवस दाखवत नाहीस," ती काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "मग मी तुला आजचा बन कशाला देऊ?" आल्गोत कालचा बन कॉफीत बुडवून शांतपणे खायचा. कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने अडतीस वर्षं लगद्यातला ओलावा मोजला होता. आकडा कोणाला आवडेल की नाही याची काळजी करण्याची सवय त्याला कधी लागलीच नाही.

मी वेंडेला. पेपरचं क्रीडा पान म्हणजे मी एकटी; बातमी माझी, फोटो माझा, चुकाही माझ्याच. मोसमाच्या शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी आल्गोतला फोन केला. शनिवारी घरच्या मैदानावर सॉल्टहोल्म येणार होते. ते दुसऱ्या क्रमांकावर होते आणि जिंकले तर वरच्या श्रेणीत जायची आशा होती. आम्ही तळाजवळ. बरोबरी झाली तर आम्हाला टिकून राहण्यासाठी दोन जादा सामने मिळणार होते, हरलो तर थेट चौथ्या श्रेणीत. टालफोर्स याआधी शेवटचं चौथ्या श्रेणीत खेळलं तेव्हा मी शाळेत होते.

"भाव काय म्हणतात?" मी विचारलं.

"आपल्या विजयाला एकाचे साडेपाच, फुलीला चार-दहा, त्यांच्या विजयाला एक-पंचावन्न."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीच्या हिशेबाने आपण शंभरात अठरा वेळा जिंकू. त्यात त्यांनी आपला वाटा आधीच कापून घेतलाय. माझ्या हिशेबाने तेरा वेळा. तेव्हा एकवर पैसे लावणं म्हणजे दानधर्म. दोनवर लावलंस तर जेमतेम तोटा होणार नाही. दोन लिही."

"आल्गोत, दर वेळी तू 'दोन लिही' म्हणतोस. का ते लिहीत नाहीस. लोक मला दुकानात अडवून विचारतात. संघ इतका वाईट आहे का?"

मग आमच्याकडे उत्तरेत म्हणतात तसं, श्वास आत ओढत त्याने 'नाही' म्हटलं.

"संघ वाईट नाही. कारण वेगळं आहे. ऑगस्टपासून मला ते माहीत आहे. पण ते छापायचं नाही."

"मग मला तरी सांग."

"फोनवर नाही. ये इकडे."

त्याचं घर मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे, उतारावर. मी दारात बूट काढले आणि स्वयंपाकघरात गेले. टेबलावर चौकटीच्या कागदाच्या वह्या पसरलेल्या, एक थर्मास, आणि प्रयोगशाळेतून निवृत्त होताना मिळालेलं स्टॉपवॉच. त्याने एक पान माझ्यासमोर सरकवलं.

"या मोसमात आपण एक्कावन्न गोल खाल्ले. पहिल्या साठ मिनिटांत एकोणीस. शेवटच्या पंधरात अकरा."

मी मनात वजाबाकी केली. "मधल्या पंधरा मिनिटांत एकवीस?"

"एकसष्ट ते पंचाहत्तर. एकवीस. सगळे सामने साठाव्या मिनिटाला थांबवले असते, तर आज आपण पाचव्या क्रमांकावर असतो."

"दम कमी पडतो सगळ्यांचा."

"मलाही तसंच वाटलं होतं. मग मी प्रत्येक गोल कुठून सुरू झाला ते लिहून काढलं. चेंडू कोणी गमावला, कोणाच्या बाजूने पास गेला, कोण उशिरा पोचला." त्याने दुसरं पान उलटलं. पानावर मैदान काढलेलं होतं आणि मधोमध, थोडं डावीकडे, पेन्सिलीच्या खुणांचा गठ्ठा झाला होता. "एकवीसपैकी चौदा इथून."

ती जागा सहा नंबरची होती. सहा नंबर म्हणजे मोर्टेन लीडग्रेन, आमचा कप्तान. वय पस्तीस, चारशेच्या वर सामने, सगळे याच क्लबसाठी. नगरपालिकेच्या गरम पाण्याच्या पाइपलाइनवर काम करणारा, त्यामुळे गावातल्या प्रत्येक तळघरात जाऊन आलेला. त्याच्या नावाचा शर्ट माझ्या स्वतःच्या भाच्याकडे आहे. आणि सप्टेंबरात, एल्क हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात जेव्हा सरावाला सातच जण उगवले होते, तेव्हा मी अर्धं पान भरून लिहिलं होतं, 'मोर्टेन थकत नाही'.

"युस्सीला हे दिसत नाही?" मी विचारलं. युस्सी आमचा प्रशिक्षक.

"दिसतं ना. पण युस्सीला याच गावात राहायचंय."

मी हसले. आल्गोत हसला नाही. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"गुनवोर गेल्यापासून चार हिवाळे झाले," तो म्हणाला. गुनवोर म्हणजे त्याची बायको. "चारही हिवाळे माझ्या दारातला बर्फ मोर्टेन ट्रॅक्टरने काढतोय. मी सांगितलं नव्हतं. एकदाही पैसे घेतले नाहीत, एकदा कॉफीलाही थांबला नाही. मी दर शुक्रवारी दोन लिहितो, त्यात खोटं काही नाही. पण ज्याला हे कळायला हवं त्यालाच मी सांगत नाही. हे बरं दिसतं का, वेंडेला?"

"नाही दिसत."

"मलाही नाही वाटत."

"मग बोलाव त्याला. मी थांबते हवं तर. यातलं एक अक्षर छापणार नाही."

मंगळवारी चार वाजता, अंधार पडता पडता, मोर्टेन कामावरून थेट आला. गुडघ्यांवर मातीचे डाग, एका मोज्याला भोक. त्याला वाटलं घर तापवणारा रेडिएटर बिघडला असावा. तो हत्यारांची पेटीच घेऊन आला होता.

"कुठला थंड आहे?" त्याने विचारलं.

"कुठलाच नाही," आल्गोत म्हणाला. "बस."

मोर्टेनने माझ्याकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं आणि पेटी खाली ठेवली. आल्गोतने त्याला सगळं सांगितलं. मी कधी कोणाला इतक्या सरळ शब्दांत इतकी अवघड गोष्ट सांगताना ऐकलेलं नाही. मध्ये त्याने मोर्टेनला कॉफी ओतून दिली, पण मोर्टेनने कपाला हात लावला नाही.

"म्हणजे टालफोर्स माझ्यामुळे बुडतंय," मोर्टेन म्हणाला.

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"साठ मिनिटांनंतर तुझ्या जागेवरून चौदा गोल झाले, एवढा आकडा आहे."

"आकडा! आकडा काय बोलतो का? हे मला आकडा सांगतोय की तू?"

आल्गोतने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मी. मी सांगतोय."

मोर्टेनचे कान लाल झाले होते. "मी सोळा वर्षांचा असल्यापासून या गावासाठी पळतोय. माझा गुडघा डॉक्टरांनी दोनदा उघडला. आणि तू इथे बसून माझ्यावर पैज लावतोस?"

"मी पैज लावत नाही. कधीच लावली नाही. मी फक्त..."

"हो, तू फक्त मोजतोस." त्याने पेटी उचलली. दारात बूट घालताना तो माझ्याकडे वळला. "आणि तू? 'थकत नाही'?"

दार लागलं. आल्गोतने त्याचा कप उचलला, कॉफी मोरीत ओतली, कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला. त्याला एवढं म्हातारं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मी बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"बोलायलाच हवं होतं. ऑगस्टमध्ये."

"हो," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये."

बुधवार तसाच गेला. गुरुवारी दुपारी मी त्याची टीप आणायला गेले तर दाराशी चिखलाने भरलेले मोठे बूट होते. आत मोर्टेन आल्गोतच्या टेबलाशी बसून वाटाण्याचं सूप खात होता. गॅसवर तवा तापलेला, आमच्याकडे गुरुवारी सूपानंतर ठरलेले पॅनकेक व्हायचे होते.

"बस," आल्गोत मला म्हणाला. "याचं चालू आहे."

"तेरा," मोर्टेन तोंडात घास असताना म्हणाला.

"काय तेरा?"

"चौदा नाहीत. तेरा. मी काल सगळे गोल पाहिले, व्हिडिओवर. बायको शेजारी बसली होती, थांबवून थांबवून. सुंदवीकच्या सामन्यातला दुसरा गोल माझा नाही. मी बरोबर जागी होतो, विक्तोरने पास चुकवला. बायको पण म्हणाली. आणि ती माझी बाजू घेणाऱ्यांपैकी नाही."

आल्गोतने तवा बाजूला ठेवला, चष्मा चढवला, वही शोधली. पानावर बोट फिरवत बराच वेळ पाहिलं. मग खोडरबर घेऊन एक खूण पुसली, चौदा खोडून तेरा लिहिलं आणि शेजारी तारीख टाकली.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

त्या एका खुणेने खोलीतली हवा पालटली. मोर्टेन खुर्चीत मागे रेलला. आकडा चुकू शकतो आणि चुकला तर हा माणूस तो दुरुस्त करतो, एवढं पाहिल्यावर उरलेले तेरा मान्य करणं त्याला जड गेलं नसावं.

"बाकीचे माझेच आहेत," तो म्हणाला. "मला माहीत होतं. पाय जातात तेव्हा कळतं ना. डोक्याला दिसतं, इथे जायचंय, आणि मी पोचतो तेव्हा तो तिथून गेलेला असतो. मला वाटायचं हे फक्त मलाच दिसतंय."

"आता दुसरं पान बघ," आल्गोत म्हणाला. "परवा तू थांबला असतास तर परवाच दाखवलं असतं."

दुसऱ्या पानावर पहिला तास होता. मोर्टेन खेळला ते पंचवीस सामने: पहिल्या साठ मिनिटांत पंचवीस गोल केले, चौदा खाल्ले. तो नव्हता ते चार सामने: दोन केले, पाच खाल्ले.

"पहिल्या तासात या लीगमध्ये तुझ्या जागी तुझ्यापेक्षा चांगला कोणी नाही," आल्गोत म्हणाला. "मी सोळाही संघ पाहिलेत. हे मला छापायचं होतं. पण हे छापलं तर दुसरं अर्धंही छापावं लागलं असतं, म्हणून दोन्ही दडवलं."

मोर्टेनने ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे साठ मिनिटं," तो म्हणाला.

"साठ."

"आणि मग?"

"मग जाकीट घालून बेंचवर बसायचं."

"मला बसता येत नाही."

"शिक."

"माझ्या जागी योनास येईल. तो हरणासारखा पळतो, पण कुठे पळायचं ते त्याला सांगावं लागतं."

"मग बेंचवरून सांग. तुझा आवाज मला या स्वयंपाकघरात ऐकू येतो."

मोर्टेन पहिल्यांदा हसला. पॅनकेक त्याने चार खाल्ले, वर जॅम. मग उठला आणि थेट क्लबच्या खोलीवर गेला. तिथे काय झालं ते मला नंतर युस्सीनेच सांगितलं. मोर्टेन म्हणाला, शनिवारी मला साठाव्या मिनिटाला बाहेर काढ. युस्सी चेंडूंच्या पिशवीवर बसला आणि म्हणाला, "दोन वर्षं मी हे वाक्य आरशासमोर म्हणून बघतोय, आणि तू ते असं उभ्या उभ्या म्हणून टाकलंस?"

इकडे मी आल्गोतला विचारलं, "आता टीप काय? फुली?"

तो पॅनकेकचा तवा घासत होता. "टीप नाही."

"म्हणजे?"

"कप्तान कधी बाहेर जाणार हे मला माहीत आहे. कंपनीला माहीत नाही, वाचकाला माहीत नाही. हे मनात ठेवून मी फुली लिहिली तर ती आतल्या बातमीवरची टीप झाली. दोन लिहिलं तर खोटं झालं, कारण माझा हिशेब आता बदललाय. आणि कारण लिहिलं तर सॉल्टहोल्मवाले शुक्रवारी सकाळीच वाचतील."

"मग काय छापू? अर्धं पान रिकामं आहे."

त्याने हात पुसले आणि माझ्याच वहीत चार ओळी लिहिल्या. दोन्ही संघांचे मागचे पाच सामने आणि कंपन्यांचे भाव जसेच्या तसे, आणि शेवटी: 'या आठवड्यात टीप नाही. लिहिणारा मैदानाच्या फार जवळ गेला आहे. अशा माणसाच्या शब्दावर कोणी पैसे लावू नयेत. त्याने स्वतःही लावू नयेत.'

शुक्रवारी नऊच्या आत मला सतरा फोन आले. गारठा आजारी आहे का? गारठ्याला क्लबने विकत घेतलं का? एका निवृत्त शिक्षिकेने तर नऊ वर्षांतल्या सगळ्या टिपा कापून ठेवल्या होत्या; तिला वही अपुरी राहील म्हणून राग आला होता. पण दुपारपर्यंत गावाने त्या चार ओळींचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. गारठ्याने दोन लिहिलं नाही! बेकरीत माय-लिसने त्याच्यासमोर अजून वाफाळणारा बन ठेवला आणि डोळा मारला. "काय माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"मला माहीत आहे की हा आजचा आहे," आल्गोत म्हणाला.

शनिवारी उणे चार होतं. मैदान कृत्रिम गवताचं, कडेला ढकललेल्या बर्फाचे ढीग. बाराशे लोक आले होते, म्हणजे गावातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. सॉसेजची रांग कुंपणापर्यंत. आल्गोत नेहमीच्या जागी, वरून दुसऱ्या पायरीवर, ब्लँकेट आणि स्टॉपवॉच घेऊन बसला. मी त्या दिवशी पत्रकारांच्या कक्षात न बसता त्याच्या शेजारी जाऊन बसले.

बाराव्या मिनिटाला सॉल्टहोल्मने गोल केला. कॉर्नर, डोकं, जाळं. आमच्या मागे कोणीतरी म्हणालं, "लिहायला हवं होतं दोन." मग मोर्टेनने सामना हातात घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. प्रत्येक चेंडू त्याच्याकडून जात होता. जणू तासाभराचाच पगार ठरलाय आणि तो पुरता वसूल करून द्यायचाय. चाळिसाव्या मिनिटाला त्याने दोन खेळाडूंच्या मधून असा पास काढला की विक्तोरला फक्त पाय लावायचा होता. एक-एक.

साठावं मिनिट. खेळ थांबला, सॉल्टहोल्मचा कोणीतरी पडला होता. बाजूरेषेवर योनास जाकीट काढून उभा राहिला. योनास चोवीस वर्षांचा, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारा, दूरच्या देशात, अस्मारात जन्मलेला आणि आमच्यापेक्षाही अस्सल गावच्या बोलीत बोलणारा. पंचांनी पाटी वर केली. हिरव्यात एकोणीस. लाल आकड्यात सहा.

पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. मग ओरडा सुरू झाला. "युस्सी, डोकं फिरलं का?" "अरे, सामना चालू आहे!" माझ्या पुढच्या रांगेतला एक इसम हातातली कॉफी सांडून उभा राहिला. युस्सी बेंचपाशी असा उभा होता, जणू आता कुठे पळावं हेच शोधतोय.

मोर्टेन पळत नाही आला, चालतही नाही. हलक्या धावेने आला, दंडावरची पट्टी काढली, विक्तोरला दिली. मग योनासचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याला काहीतरी सांगितलं आणि बाजूरेषा ओलांडल्यावर प्रेक्षकांकडे वळून दोन्ही तळवे खाली दाबले: बसा, बसा. मग युस्सीच्या गळ्यात हात टाकला, सगळ्यांना दिसेल असा. ओरडा विरला. मग टाळ्या सुरू झाल्या, आधी कुठेतरी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. मी लिहायला वही काढली आणि काहीच लिहिलं नाही.

आल्गोतने स्टॉपवॉच सुरू केलं होतं.

ती पंधरा मिनिटं मी चेंडू कमी आणि बेंच जास्त पाहिलं. मोर्टेन तीन मिनिटं बसला. मग रेषेपाशी उभा राहून ओरडायला लागला. "योनास, डावीकडे! आता नाही, आता नाही, आता!" चौथ्या पंचाने त्याला दोनदा मागे पाठवलं. योनास जिथे जायला सांगितलं तिथे जात होता, आणि पोचत होता. बासष्टाव्या मिनिटाला त्याने चेंडू हिसकावला. अडुसष्टाव्याला पुन्हा. एकाहत्तराव्याला सॉल्टहोल्मचा एक फटका वरून गेला आणि आल्गोतने माझा हात इतका घट्ट धरला की हातमोज्यातून बोटं दुखली.

"पंचाहत्तर," तो म्हणाला, आणि बटण दाबलं. "शून्य."

सामना संपायला अजून पंधरा मिनिटं होती, आणि ती मोठी वाईट गेली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा फटका खांबावर आदळून बाहेर आला. तो आवाज बाराशे लोकांनी ऐकला. शिटी वाजली तेव्हा एक-एक होतं. लोक कुंपण ओलांडून आत शिरले. योनासला खांद्यावर घेतलं, मोर्टेनलाही घ्यायला गेले, पण तो म्हणाला, "गुडघा, गुडघा," आणि सुटला.

गर्दीतून वाट काढत तो आमच्या पायऱ्यांपाशी आला.

"काय म्हणतो आकडा?" त्याने खालून विचारलं.

"त्या पंधरा मिनिटांत शून्य," आल्गोत म्हणाला. "पण तो खांब माझ्या वहीत नाही. ते नशीब होतं. उद्या कोणी मला हुशार म्हटलं तर सांग त्यांना."

"सांगतो. तू खाली ये आता. युस्सी बोलावतोय. आत कॉफी आहे."

"मी संघाचा नाही."

"तूच लिहिलंस ना, फार जवळ गेलायस म्हणून? मग अजून चार पायऱ्या उतर."

आल्गोत उतरला. एक हात कठड्यावर, एक मोर्टेनच्या खांद्यावर.

रविवारी मी लिहिलं की मोर्टेन लीडग्रेन साठाव्या मिनिटाला थकतो, आणि मी सप्टेंबरात लिहिलं होतं ते चूक होतं. तो थकतो हे त्याने स्वतः सांगितलं म्हणून आपण अजून जिवंत आहोत, असंही लिहिलं. छापायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बासष्ट लिही. त्या दिवशी बासष्टपर्यंत गेलो असतो."

मी साठच ठेवलं.

जादाचे दोन्ही सामने आम्ही तसेच खेळलो. पहिला बाहेर, शून्य-शून्य. दुसरा घरी, दोन-एक. तो एक गोल चौसष्टाव्या मिनिटाला खाल्ला, योनासच्याच बाजूने, आणि त्यानंतर दहा मिनिटं गावाने श्वास घेतला नाही. पण आम्ही तिसऱ्या श्रेणीत राहिलो.

आल्गोतने डिसेंबरात मला राजीनाम्याचं पत्र दिलं, पाकिटात घालून, वर तिकीट चिकटवून, जरी तो ते स्वतः घेऊन ऑफिसात आला होता. युस्सीने त्याला क्लबच्या खोलीत एक टेबल दिलं होतं. संघाच्या आत बसणाऱ्याने बाहेर टिपा द्यायच्या नाहीत, असं त्याने त्यात लिहिलं होतं, आणि खाली ता.क. म्हणून: 'कोपरा बंद करू नकोस. तू लिही.'

"मला वजाबाकी धड येत नाही," मी म्हणाले.

"एक्कावन्नातून एकोणीस आणि अकरा काढले होतेस की मनातल्या मनात. मी पाहत होतो."

एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी मी मागचे पाच सामने मांडले, भाव मांडले, आणि टीप लिहिली: एक. शनिवारी आम्ही शून्य-दोन हरलो. संध्याकाळी आल्गोतचा फोन आला.

"भाव बघितला होतास का?"

"बघितला होता."

"मग एक का लिहिलंस?"

"मोर्टेनचा वाढदिवस होता."

पलीकडून एक आवाज आला. हसताना मी त्याला इतक्या वर्षांत फार कमी वेळा ऐकलं होतं, त्यामुळे आधी मला खोकलाच वाटला. मागून कोणीतरी विचारत होतं, कोण आहे, आणि तो मोर्टेनचाच आवाज होता.

"तो म्हणतोय, पुढच्या वेळी केक आण, टीप नको," आल्गोत म्हणाला. "आणि सोमवारी वही घेऊन इकडे ये. घरच्या मैदानाचा हिशेब कसा धरायचा ते दाखवतो. क्लबच्या वह्या सोडून. त्या तुला बघता येणार नाहीत."

सोमवारी मी वही आणि केक दोन्ही घेऊन गेले.